गळका स्नीकबॉक्स: फटींआधी खिळे बघा

न्यू जर्सीच्या बार्नेगाट उपसागरातला स्नीकबॉक्स म्हणजे बदकांच्या शिकारीची १२ फुटी, बुटकी, वरून झाकलेली होडी. फळ्या पांढऱ्या सीडरच्या. ही तळातून गळत होती. पहिला मोह फटी भरण्याचाच होतो, पण आधी टोचा घेऊन फासळ्या (फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकवलेल्या लाकडी पट्ट्या) तपासल्या. बोर्डाच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीजवळ तो लोण्यात जावा तसा आत गेला. लाकूड कुजवतं ते डेकखाली साचलेलं पावसाचं पाणी. खारं पाणी तेवढं बाधत नाही.

जस्त उडालेले खिळे गंजून भोवतालचं लाकूड काळं, भुसभुशीत झालेलं. ते काढून सिलिकॉन ब्राँझचे (न गंजणाऱ्या मिश्रधातूचे) स्क्रू मारले, जुन्या भोकांच्या बाजूला. ओकची पाऊण इंची फासळी पाऊण तास वाफवली (इंचाला तास, हा हिशेब). बाहेर काढली की लगेच वाकवून क्लॅम्प लावायचा. रेंगाळलात तर तडकते.

फटीत सुताचा पीळ हलक्या हातानेच. कोरड्या फळ्यांत घट्ट ठासला किंवा इपॉक्सी (कडक होणारा डिंक) भरलं, तर पाण्यात फळ्या फुगतात आणि फासळ्याच मोडतात. वर मऊ लांबी (पुट्टी), मग बिनचकाकीचा, वाळक्या गवतासारखा रंग. पाण्यात सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस गळणारच, उपसत राहायचं.