मुलाला आपलं काम आपणच निवडू द्या, सुरुवात अशी करा
पहिले दोन-तीन दिवस काही शिकवूच नका, फक्त बघत बसा की मूल स्वतःहून कुठे वळतंय. आमची साडेतीन वर्षांची पोर चवथीला माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान आलं की सुपारी, तोरिंजन, आंबाडे वेगवेगळे करत बसायची, मग आम्ही तेच काम पुढे वर्षभर चालू ठेवलं.

खेळण्यांचा ढीग नको. तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर चारच वस्तू ठेवा, करवंट्या, तिसऱ्यांचे धुतलेले शिंपले, छोटा तांब्या आणि फडकं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली तेव्हा त्यांनीही असंच परिसरातलं साहित्य वापरलं होतं, महागडा सेट लागतोच असं नाही. (बारीक बिया मात्र तीन वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका, घशात अडकतात.)

पाणी ओतायचं काम एकदा सावकाश, न बोलता करून दाखवा, तांब्या अर्धाच भरा आणि मग हात मागे घ्या. सांडणारच. फडकं शेजारी असलं की मूल स्वतः पुसतं आणि खरं सांगू, त्या पुसण्यातच ते जास्त रमतं, तेव्हा "अरे वा, शाब्बास" म्हणून सुद्धा मध्ये बोलू नका, त्याची तंद्री तुटते.

बालवाडीतल्या बाईंनी रोज सलग पाऊण तास तरी मोकळा ठेवावा, घंटा नाही, सगळ्यांनी एकच काम करायची सक्ती नाही. एखादं मूल नुसतं दुसऱ्याचं बघत बसलं तरी बसू द्या, तेही शिकतंयच.