देवाच्या प्रीतीऐवजी भीतीतच जगताय? या चुका टाळा

रविवारी उपासनेत आपण मोठ्या आवाजात गातो की देव प्रीती आहे, आणि सोमवारी पोराला ताप आला, पाऊस लांबला किंवा सुरतला कामाला गेलेल्या माणसाचा फोन लागला नाही की पहिला विचार हाच येतो, देव नाराज झाला वाटतं. नवापूरपासून रावेरपर्यंत कुठल्याही घरसभेत बसा, हे ऐकायला मिळेल. बायबलमध्ये १ योहान ४:१८ मध्ये म्हटलंय की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, आणि कारणही तिथंच दिलंय, भीतीमध्ये शासन, म्हणजे शिक्षा आहे. आपल्या बहुतेक चुका या शासनाच्या धास्तीतूनच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखणं आलं की शिक्षा समजणं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार किती घरांत आहे हे सांगायला नको. पोराचे हातपाय सुजतात, हाडं दुखतात, रात्रभर रडतं, आणि आई पलंगाच्या कडेला बसून हळूच विचारते, "पास्टर, माझ्याकडून काय पाप झालं असेल?" त्या बाईला आधी हे नीट सांगायला पाहिजे की हा आजार आईबाप दोघांकडून जनुकातून येतो, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के असते, यात कुणाच्या पापाचा हिशोब नाही. शिष्यांनीपण जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारलं होतं, याने पाप केलं की याच्या आईबापाने, आणि येशू म्हणाला, यानेही नाही आणि याच्या आईबापानेही नाही (योहान ९). मग त्याच पोराला भरपूर पाणी पाजणं, थंडीत जपणं, गोळ्या न चुकवणं, दवाखान्यात वेळेवर नेणं हे प्रीतीचं काम होतं. पण शिक्षा समजून बसलेली आई कितीतरी वेळा दवाखाना लांबवते, आधी उपास धरते, आणि तेवढ्यात पोराचे हाल वाढतात. हे मला फार लागतं म्हणून एवढं लिहिलं.

केळीचंही तसंच. बागेत सीएमव्ही (केळीवरचा एक विषाणू रोग) आला की कुणीतरी म्हणतंच, दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, राहिला होता ना भाऊ. अरे तो व्हायरस मावा किडीमुळे पसरतो, दशांश देणाऱ्याची आणि न देणाऱ्याची बाग मावा बघत नाही. दशांश प्रेमाने द्या, पण हप्ता चुकला तर देव वसुलीला येईल अशा धाकाने देऊ नका.

आता दुसरी गोष्ट, जी लोक बोलत नाहीत. डाकीण, नजर, करणी यांची भीती बाप्तिस्मा झाल्यावर आपोआप जात नाही, मग काही घरांत ताईत निघतो आणि त्याच्या जागी उशाखाली बायबल येतं, पण ते उघडून वाचत कुणी नाही. किंवा व्हॉट्सॲपवर "हे वचन १० जणांना पाठवा नाहीतर आशीर्वाद जाईल" असला मेसेज आला की हात थरथरत फॉरवर्ड होतो. असला मेसेज सरळ डिलीट करा. बायबल उशाखालून काढा आणि रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायाचा शेवटचा परिच्छेद घरात मोठ्याने वाचा, मरण, जीवन, अधिपती, कुठलीच सृष्ट वस्तू आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळी करू शकत नाही असं प्रेषित पौलाने तिथं एकेक नाव घेऊन लिहिलंय. आणि गावात कुणा बाईला डाकीण म्हणत असतील तर आपण तिच्या बाजूने उभं राहायचं, हे तर आलंच.

भीती वाटते म्हणजे माझा विश्वासच खोटा, असंही धरून बसू नका. स्तोत्र ५६:३ म्हणतं मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, म्हणजे स्तोत्र लिहिणाऱ्यालाही भीती वाटत होतीच ना. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला घाबरून पळाला, झुडपाखाली मरण मागून झोपला, तेव्हा देवाने आधी त्याला रागावलं नाही, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं (१ राजे १९). म्हणून साक्ष देताना नुसतं "मला कसलीच भीती नाही" असं म्हणायची गरज नाही, आणि प्रार्थना पण छापील मराठीतच पाहिजे असं नाही, ज्या बोलीत रात्री भीती येते, अहिराणी असो की मावची, त्याच बोलीत बापाशी बोला.

आईवडिलांना एक विनंती. पोरं मस्ती करतात तेव्हा "येशू मारेल" म्हणू नका. परमेश्वराचं भय म्हणजे त्याच्यापासून लपणं नव्हे, उलट त्याला एवढं मानणं की चुकलो तरी त्याच्याकडेच जावंसं वाटेल, आणि पोराला हे आधी आईबापाच्या वागण्यातूनच कळतं. ग्लास फुटला तर पोराने येऊन सांगावं असं घर ठेवा.

आणि धडधड, झोप न लागणं, दम कोंडल्यासारखं होणं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं.