कोलायटिस उफाळल्यावर आणि ओसरल्यावर: जेवणातल्या या चुका टाळा

अल्सरेटिव्ह कोलायटिस उफाळला की घरातली वडीलधारी माणसं मायेनं सांगतात, "दोन दिवस लंघन कर, पोट शांत होईल." अपचनात हे चालून जातं, इथे नाही. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा असतात, त्यातून रक्त आणि प्रथिनं जात राहतात. अशा वेळी वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या पेजेवर ती भागत नाहीत. मऊ भात, घोटलेलं मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा किंवा पनीर थोडं थोडं करून पाच-सहा वेळा खा.

दुसरी चूक चोथ्याची. एरवी गुणकारी असलेली भाकरी, गवार, मटकीची उसळ, कच्ची कोशिंबीर या दिवसांत बाजूला ठेवा. दुधी, लाल भोपळा सोलून, शिजवून घ्या.

जुलाबात नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएस घ्या. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मी स्वतः केलेली चूक मात्र पुढची आहे. रक्त थांबलं, तरी भीतीपोटी मी चार महिने वरणभातावरच राहिले. वजन उतरलं, केस गळाले, जिना चढताना धाप लागू लागली. त्रास बरा झाल्यावर पथ्य सोडायलाही शिकावं लागतं. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही दोन-तीन घास, आणि तीन दिवस वहीत नोंद. आधी शिजवलेल्या भाज्या, मग घोटलेली पालेभाजी, उसळी सर्वांत शेवटी. दूध सोसत असेल तर उगाच तोडू नका, आजारावरचं स्टेरॉइड चालू असताना हाडांसाठी कॅल्शियमची गरज असते. (क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या याच गटातल्या दुसऱ्या आजारात, आतडं अरुंद झालं असेल तर चोथा डॉक्टरांना विचारूनच.)

नव्या पदार्थानं नुसता गॅस झाला तर प्रमाण कमी करून दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. पण पुन्हा रक्त दिसलं, ताप आला, रात्री झोपेतून शौचाला उठावं लागलं, तर ताटातला आणखी एक पदार्थ कमी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि बरं वाटतंय म्हणून आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या मनानं बंद केल्या असतील तर तेही सांगा.