आयर्लंडच्या एजवर्थ घराण्यासारखी घरातली शाळा कशी चालवायची, आमच्या शहापूरच्या (बेळगाव) घरातला अनुभव

आमच्या घरात पाच पोरं. माझी दोन, मोठ्या जाऊबाईंची तीन. गेल्या जुलैत पाऊस असा लागला की चार-पाच दिवस शाळेला सुट्टीच सुट्टी, ट्यूशनपण बंद, आणि पोरं सकाळपासून मोबाईलला चिकटलेली. तेव्हा मला एमएला वाचलेलं एजवर्थ घराणं आठवलं आणि तसं काहीतरी घरात करून बघू म्हटलं, आता वर्ष होत आलं, चाललंय अजून. दोघी-तिघींनी विचारलं कसं करता म्हणून, तर सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी ते कोण ते सांगते. आयर्लंडात लाँगफर्ड काउंटीत एजवर्थस्टाउन म्हणून गाव आहे, तिथले हे जमीनदार, आपल्याकडचे इनामदार म्हणा. रिचर्ड लव्हेल एजवर्थ (१७४४ ते १८१७) यांची एकामागून एक चार लग्नं झाली, पहिल्या तिघी वारल्या, आणि सगळी मिळून २२ मुलं. मोठ्या मुलींपैकी मरिया, जी पुढे नावाजलेली कादंबरीकार झाली, ती १७८२ मध्ये घरच्यांसोबत इंग्लंडहून आयर्लंडला आली तेव्हा १४ वर्षांची होती. तिथून पुढे वडिलांचे जमिनीचे हिशेब बघायचे आणि धाकट्या सावत्र भावंडांना शिकवायचं हेच तिचं आयुष्य. चौथी आई तर वयानं तिच्यापेक्षा लहान, तरी दोघींचं छान जमलं. १७९८ मध्ये बापलेकीनं मिळून 'प्रॅक्टिकल एज्युकेशन' हे पुस्तक काढलं, आणि त्यात जे लिहिलंय ते बरंचसं घरच्याच पोरांवर करून बघितलेलं, म्हणून मला त्याची किंमत वाटते.

आणि त्यांचं पहिल्यांदा चुकलंसुद्धा होतं. सगळ्यात मोठ्या मुलाला रिचर्डनी रूसो नावाच्या विचारवंताच्या पद्धतीनं वाढवलं, म्हणजे अनवाणी फिरू दे, मनाला येईल ते करू दे, कशाला अडवायचं नाही. १७७१ मध्ये त्याला फ्रान्सला नेऊन खुद्द रूसोला दाखवून पण आणलं. पोरगा धडधाकट झाला, हुशार झाला, पण कुणाचं ऐकेना, शेवटी समुद्रावर गेला आणि पुढं अमेरिकेत राहिला. त्यातून ते शिकले की नुसतं मोकळं सोडून भागत नाही, सोबत बसावं लागतं. म्हणून पहिली गोष्ट हीच, की रोज एक तास घरातल्या एका तरी मोठ्या माणसानं पोरांमध्ये बसायचं, फोन लांब ठेवून. एजवर्थांच्या घरात मोठ्या लायब्ररीत सगळं कुटुंब एकत्र बसायचं आणि मरिया त्याच गोंधळात एका लहान टेबलावर आपल्या कादंबऱ्या लिहायची. आमच्याकडे कुठली लायब्ररी, आम्ही सोप्यात चटई टाकतो. सासूबाई तिथंच भाजी निवडतात, मी माझं शिवण घेऊन बसते. पोरांपुढे बसून त्यांच्यावर नजर ठेवायची नाही, आपण आपलं काम करत राहायचं, हे फार महत्त्वाचं आहे.

आता वही. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही. रिचर्ड यांची दुसरी बायको ऑनोरा, १७८० मध्ये गेली बिचारी, तिनं पोरं काय बोलतात, काय विचारतात, ते टिपून ठेवायला सुरुवात केली होती. ती सवय घरात पुढं चालू राहिली आणि पुस्तकाच्या शेवटी अशी खरीखुरी बोलणी छापलीत. आम्ही पण एक वही केली. तारीख, पोराचं नाव आणि प्रश्न, जसा विचारला तस्साच, भाषा सुधारायची नाही. 'आज्जी, खानापूरची कौलं लाल कशी ओ, माती तर तांबूस-काळी असते की' हे असं लिहायचं. उत्तर लगेच द्यायचं नाही. आधी विचारायचं, तुला काय वाटतंय, आणि कसं बघता येईल. त्या कौलाच्या प्रश्नाला आम्ही परसातल्या मातीच्या गोळ्या केल्या, चार दिवस वाळवल्या आणि न्हाणीघराच्या चुलीत रात्रभर ठेवल्या. दोन फुटल्या, तीन लालसर झाल्या, मग मातीत लोखंड असतं आणि ते भाजल्यावर लाल होतं हे सांगितलं तर एका मिनिटात डोक्यात बसलं.

दुसरा प्रश्न होता कन्नड अक्षरं गोल का आणि आपली दांडीवाली का. पूर्वी ताडपत्रावर टोचून लिहायचे एवढं मला माहीत होतं. ताडाचं पान कुठनं आणणार, केळीचं घेतलं. सुईनं शिरेच्या बाजूनं सरळ रेघ ओढली की पान टरकन फाटतं, गोल काढलं की टिकतं. पोरांनी दहा पानं खराब केली असतील, पण त्या दिवसापासून धाकटीला कन्नडचा पेपर परका वाटत नाही हे मी बघतेय.

खेळण्यांचं त्यांचं मत मला शंभर टक्के पटतं, पुस्तकाचं पहिलं प्रकरणच खेळण्यांवर आहे. म्हणतात, पोरं खेळणी मोडतात कारण आत काय आहे ते बघायचं असतं, किंवा त्या खेळण्याचं करण्यासारखं काही नसतं म्हणून. त्यापेक्षा लाकडाचे तुकडे, खिळे, डिंक, पुठ्ठा, बोथट टोकाची कात्री, तार, मेण, कप्पी, चेंडू असलं द्या. आम्ही एक बुट्टी केली, त्यात सुताराकडचे उरलेले तुकडे, वडगावच्या मागवाल्यांकडून आणलेले सुताचे बॉबिन, जुनी सायकल ट्यूब आणि दोऱ्या. बॉबिनची कप्पी करून माडीवर डबा चढवायचा खेळ दोन महिने चालला. मुलगा-मुलगी फरक करू नका, एजवर्थांच्या पुस्तकात यंत्रं आणि केमिस्ट्रीचीसुद्धा प्रकरणं आहेत आणि घरातल्या मुलींनाही ते शिकवायचे.

धडा छोटा ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट, आणि पोरगं कंटाळायच्या आधी थांबायचं, ताणायचं नाही. इंग्लिश वाचायला शिकवताना अक्षराचं नाव नको, आवाज शिकवा, हे त्यांनी तेव्हाच सांगितलंय. मराठीत आपली बाराखडी आवाजाचीच आहे त्यामुळे आपल्या पोरांना ही गोष्ट पटकन कळते, 'सी'चा कधी क होतो कधी स होतो हे सरळ सांगून टाकायचं, तुझी चूक नाही, इंग्लिशच तसं आहे. गणिताला ते लाकडाचे छोटे ठोकळे वापरायचे, आकडे नंतर. आम्ही चिंचोके घेतो, दहा-दहाच्या राशी करायच्या.

पाहुण्यांसमोर पोराला उभं करून 'पोएम म्हणून दाखव' हे पूर्ण बंद करा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कौतुकानं पोरं कशी बिघडतात यावर त्यांनी बरंच लिहिलंय. आमच्याकडे मामंजींना हे बंद करायला जड गेलं, नातवंडांचं कौतुक त्यांना सांगायचं असतं, मग आम्ही ठरवलं की त्यांनी पाहुण्यांना पोरानं बनवलेली वस्तू दाखवायची, पोराला बोलवायचं नाही.

खोटं बोलण्याबद्दल पण एक सांगते. फुलदाणी कुणी फोडली हे आपल्याला माहीत असताना 'कोणी फोडली, खरं सांग' असं विचारून पोराला अडकवायचं नाही, सरळ म्हणायचं, तू फोडलीस, चल काचा गोळा करूया. आणि आपण पण खोटं बोलायचं नाही. इंजेक्शन दुखणार असेल तर दुखणार म्हणून सांगायचं.

एक गोष्ट मात्र मी त्यांची घेतली नाही. पोरांनी नोकरमाणसांशी बोलूच नये असं त्यांचं म्हणणं, त्यावर वेगळं प्रकरणच आहे. ते जमीनदार, गावात कुळं गरीब, त्यामुळे घराला भिंती होत्या त्या त्यांनी शिक्षणातही आणल्या, हे मला आवडलं नाही. त्याच घरातल्या लव्हेल नावाच्या मुलानं पुढं १८१६ मध्ये गावात शाळा काढली, तिथं गरीब-श्रीमंत आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट पोरं एकत्र बसायची, म्हणजे घरातल्याच माणसाला ते पटलं नसणार असं मला वाटतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या अक्का कन्नड बोलतात, त्या आल्या की पोरं चिंचोके घेऊन त्यांच्याकडेच जातात, ओंदु, एरडु, मूरु, शंभरपर्यंत त्यांनीच शिकवलं. अक्कांचा प्रश्न पण वहीत लिहितो आम्ही, त्यांनी विचारलं होतं की लाईट बिलातलं युनिट म्हणजे नक्की काय, त्यावर मोठ्याच्या दोन संध्याकाळी मीटर बघण्यात गेल्या.

वही २०० पानी घ्या, जाड पुठ्ठ्याची, आणि पेन दोरीनं तिलाच बांधून ठेवा. स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला लावा, कारण निम्मे प्रश्न आपण भाकरी थापत असताना येतात आणि हात धुवून वही शोधेपर्यंत पोरगं विसरतं.