चेहरा सुजला की ॲलर्जी, पाय गार पडला की थंडी : फुफ्फुसाच्या गाठीत या चुका टाळा

फुफ्फुसातली कर्करोगाची गाठ म्हटलं की खोकला, दम आणि थुंकीतून रक्त, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. पण फुफ्फुसाच्या मुळाशी मोठ्या रक्तवाहिन्या अगदी खेटून असतात. गाठ कधी त्यांना बाहेरून दाबते, कधी भिंत पोखरून आत शिरते, तर कधी दूर पायातलं रक्त गोठवते. असा पेशंट छातीच्या डॉक्टरकडे येतच नाही. तो आधी त्वचारोगवाल्याकडे जातो, मग किडनीवाल्याकडे, मग मालिशवाल्याकडे. नाशिकमध्ये छातीचे पेशंट बघताना त्याच त्या चुका इतक्यांदा समोर आल्यात की आता लिहूनच टाकतो. काही नातेवाइकांच्या आहेत, बऱ्याचशा आमच्या डॉक्टर मंडळींच्या.

चेहरा सुजला? द्या ॲलर्जीची सुई!

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षबागांवर फवारण्यांचा धडाका सुरू होतो. त्या दिवसांत तोंड सुजून आलेला बागायतदार म्हणजे औषधाची ॲलर्जी, हे जणू ठरलेलंच. असेच एक पन्नाशी ओलांडलेले काका. सकाळी उठले की डोळे सुजून बारीक झालेले, दुपारपर्यंत बरंचसं उतरलेलं. गावातच डेक्सा (स्टिरॉइड) आणि ॲव्हिलची (ॲलर्जीची) सुई मिळाली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा सूज, पुन्हा सुई. मग कोणीतरी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. ते नॉर्मल आलं, तरी लघवी जास्त होण्याची गोळी चालू केलीच. दिवाळी उलटल्यावर माझ्याकडे आले, तेव्हा सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती. म्हणाले, "लावली की गळा आवळल्यासारखा वाटतो, डॉक्टर." सदरा काढायला लावला, तर छातीवर निळ्या शिरांचं जाळं, पार पोटापर्यंत उतरलेलं. इतक्या जणांनी तपासलं होतं, पण सदरा कोणीच काढायला लावला नव्हता.

डोकं, मान आणि दोन्ही हातांचं रक्त एका मोठ्या शिरेतून हृदयात उतरतं. आम्ही तिला एसव्हीसी म्हणतो. तिची भिंत पातळ, आतला दाब कमी, आणि भोवती लसिकाग्रंथींचा वेढा. उजव्या फुफ्फुसातली गाठ किंवा या ग्रंथी वाढल्या की ठिबकच्या नळीवर पाय पडावा तशी ही शीर चेपते, आणि रक्त छातीवरच्या बारीक शिरांतून वाट काढत खाली जातं. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा लिहून ठेवला, तेव्हा कारण होतं महाधमनीला आलेला फुगा. आज बहुतेक वेळा कारण कर्करोग असतो, आणि त्यातही फुफ्फुसाचा सगळ्यात जास्त.

हे ओळखायला मशीन लागत नाही. किडनीची सूज पायांवरही दिसते, ॲलर्जीला सहसा खाज असते. ही सूज कमरेच्या वरच राहते, आडवं झालं किंवा वाकलं की वाढते. छातीवरची एखादी शीर दोन बोटांनी रिकामी करा आणि एक एक बोट उचलून ती कुठल्या बाजूने भरते ते बघा. वरून खाली भरत असेल तर सीटी स्कॅनला पाठवा. मी आणखी एक करतो : मोबाइलमधला सहा महिन्यांपूर्वीचा फोटो मागतो, लग्नातला असला तर उत्तम. घरच्यांना रोज बघून चेहऱ्यातला फरक कळत नाही, फोटोत कळतो.

डेक्साने सूज थोडी उतरते, हीच खरी गोम आहे. पेशंट खूश, डॉक्टर खूश, आणि गाठ आपली वाढतेय. शिवाय छातीतली ती गाठ लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, निघणारी असेल, तर आधी दिलेल्या स्टिरॉइडमुळे तपासायला काढलेल्या तुकड्यात (बायोप्सीत) काही सापडेनासं होतं. 'आधी सुई देऊन बघू' ही सवय मला पटत नाही. सुईने बघायचं काहीच नसतं, झाकायचं असतं.

याच्या उलटी चूक शहरात दिसते. रिपोर्टमध्ये एसव्हीसी दबल्याचं वाचलं की त्याच रात्री शेक (रेडिएशन) द्या म्हणून धावपळ. श्वास घेताना घशातून घरघर येत असेल, पेशंट गुंगीत जात असेल, तर वेळ घालवू नका. स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, टाकून शीर तातडीने उघडता येते. एरवी तुकडा काढायला एक-दोन दिवस मिळतात आणि ते घ्यायलाच हवेत, कारण कुठल्या जातीची गाठ आहे यावर औषध ठरतं. काकांची स्मॉल सेल जातीची निघाली. ती केमोला झटकन दाद देते. काही आठवड्यांत वरचं बटण लावून आले. आजार गेला असं नाही, पण झोप लागायला लागली.

आणि हो, अशा पेशंटच्या हातात सलाईन लावू नका. पायात शीर शोधा.

काढलेली गुठळी कचऱ्यात टाकणं

निफाडचा पारा किती खाली जातो ते दर हिवाळ्यात पेपरात येतं. तिथल्याच एका आजोबांचा पाय पहाटे गार पडला. घरच्यांना वाटलं थंडी. शेकोटीपाशी बसवलं, पाय शेकला. बधिर पायाला चटका कळत नाही, त्यामुळे भाजलाही. दिवस वर आला तेव्हा पाय पांढराफटक झालेला आणि कळा असह्य. एका रुग्णालयात धमनीत फुगेवाली नळी घालून गुठळी काढली. अमेरिकन सर्जन फोगार्टी यांची ही नळी १९६३ पासून वापरात आहे आणि तिने असंख्य पाय वाचवलेत. आजोबांचाही वाचला. इथपर्यंत सगळं उत्तम.

पुढे मात्र कोणी विचारलं नाही की गुठळी आली कुठून. नाडी नियमित, ईसीजी चांगला, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडून ती बहुधा झालेली नाही. भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे काढला होता. तो फाइलमध्ये होता आणि डाव्या बाजूला खाली त्यात डाग होता. भूलतज्ज्ञाची सही मिळाली, एक्स-रेचं काम संपलं. गुठळी बादलीत गेली. काही आठवड्यांनी दुसरा पाय गार पडला. या वेळी सर्जन वेगळे होते. त्यांनी निघालेला पांढुरका, घट्ट तुकडा फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) टाकून पॅथॉलॉजीला पाठवला. रिपोर्ट आला : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कर्करोगाचीच एक जात. तो रक्ताचा गोळा नव्हताच, फुफ्फुसातल्या गाठीचा तुटलेला तुकडा होता.

गाठ फुफ्फुसातून निघणाऱ्या शिरेत शिरली की त्या शिरेतून वाढत हृदयाच्या डाव्या कप्प्यात पोचते. तिथून तुकडा सुटला तर तो पायात जाईल, मेंदूत जाईल, आतड्याच्या धमनीतही जाईल. हे क्वचित होतं, मान्य. पण गुठळी तपासायला पाठवायचा खर्च ऑपरेशनच्या बिलात दिसणारही नाही. धमनीतून जे जे निघेल ते बाटलीत घाला, हृदयाची सोनोग्राफी करा, एक्स-रे उजेडाला धरून बघा. फॉर्मेलिनची बाटली ऑपरेशन सुरू होण्याआधीच टेबलाशेजारी ठेवायला सांगा. नंतर आठवतं तोवर बादली बाहेर गेलेली असते. फॉर्मेलिन संपलं म्हणून सलाईनमध्ये पाठवणाऱ्यांना तर काय बोलावं. तुकडा सडतो आणि पॅथॉलॉजिस्ट शिव्या घालतो.

नातेवाइकांसाठी एवढंच : अचानक गार पडलेला, पांढरा, दुखणारा पाय शेकायचा नाही, चोळायचा नाही, गाडीत घालायचा. सहा तास उलटले की स्नायू मरायला लागतात.

सुजलेली पोटरी तेल लावून चोळणं

एकच पाय सुजला, पोटरी कडक लागते, दाबलं की दुखते, म्हणजे खोल शिरेत गुठळी असू शकते. ती चोळली तर सुटून फुफ्फुसात जाऊन बसू शकते. मोहरीचं तेल कपाटात ठेवा, डॉप्लर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करा.

कारण नसताना अशी गुठळी झाली, एका जागची बरी होऊन दुसरीकडे उपटली, किंवा रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) बरोबर असतानाही परत झाली, तर कर्करोग शोधा. आर्मां ट्रूसो या फ्रेंच वैद्याने १८६५ मध्ये हा संबंध मांडला आणि १८६७ मध्ये स्वतः तो पोटाच्या कर्करोगाने गेला. त्याआधी त्याच्याही शिरेत तशीच गुठळी झाली होती. अशा पेशंटना वॉरफरिनपेक्षा पोटाच्या कातडीखालचं हेपॅरिन किंवा नवीन गोळ्या सहसा जास्त उपयोगी पडतात. पण थुंकीतून रक्त येत असेल तर हिशेब बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून मेडिकलमधून रक्त पातळ करायची गोळी आणू नका. डी-डायमर (गुठळीसाठीची रक्ततपासणी) वाढलाय म्हणून घाबरूही नका. कर्करोगात तो तसाही वाढलेला असतो.

रक्ताची उलटी समजून उताणं झोपवणं

खोकल्यातून भरपूर रक्त येतं तेव्हा माणूस बहुतेक वेळा रक्त जाऊन मरत नाही, श्वासनलिका रक्ताने भरून गुदमरतो. गाठ उजवीकडे असेल तर उजव्या कुशीवर झोपवा, डावीकडे असेल तर डाव्या. म्हणजे चांगलं फुफ्फुस वर राहतं. कुठल्या बाजूला गाठ आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. मी फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून देतो. किती रक्त पडलं ते 'बादलीभर' असं सांगू नका, वाटीत धरा आणि फोटो काढा.

चमचाभर रक्त पडून थांबलं तरी ते सोडून देऊ नका, मोठ्या रक्तस्रावाआधी असं होऊ शकतं. रक्त बहुतेक वेळा ब्रॉन्कियल धमनीतून येतं आणि जांघेतून तार घालून ती बंद करता येते. पण पेशंट जिवंत पोचला तर. रात्री कसारा घाट उतरून थेट मुंबई गाठायचा हट्ट अशा वेळी धरू नका. आधी नाशिकमध्येच श्वासाचा मार्ग सुरक्षित करून घ्या.

एक्स-रेत डाग म्हणून टीबीची गोळी

टीबीचे जंतू शोधणारी थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती न करता औषध सुरू करून 'दोन महिन्यांनी बघू' म्हणणारे गाठीला वाढायला दोन महिने देऊन टाकतात, असं मी चिडून म्हणतो. सिन्नरच्या बाजूने आलेला, वर्षानुवर्षं बिडी ओढलेला माणूस असेल तर थुंकीच्या तपासणीबरोबर सीटीही करा.

मुंबईला जाताना फक्त रिपोर्ट नेणं

टाटाला (मुंबईच्या कर्करोग रुग्णालयात) जायचं ठरलं की लोक रिपोर्टांचा गठ्ठा घेतात आणि तुकड्याचे मेणाचे ब्लॉक व काचा लॅबमध्येच सोडून जातात. तिथे तुकडा पुन्हा तपासला जातो, तेव्हा ब्लॉक लागतातच. लॅबमध्ये अर्ज द्या, ब्लॉक मागून घ्या, सीटीची फिल्म नको, सीडी घ्या. आणि निघण्याआधी ती सीडी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा.