थेम्सवर नॅरोबोट घेताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

बँक हॉलिडेला आम्ही दोन कुटुंबं मिळून ऑक्सफर्डहून ॲबिंग्डनला भाड्याच्या नॅरोबोटने (लांबलचक, अरुंद बोट) गेलो. अंतर जेमतेम आठ-नऊ मैल आणि मध्ये चार लॉक (दोन टोकांना गेट असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात), ऑस्नी, इफ्ली, सँडफर्ड, ॲबिंग्डन. लायसन्स लागत नाही, बोटवाला थोडा वेळ शिकवतो आणि चावी हातात देतो, मग आपल्याला वाटतं कार येते म्हणजे हेही येईल. नाही येत.

पहिला घोळ टिलरचा, म्हणजे सुकाणू फिरवायच्या दांड्याचा. डावीकडे वळायचंय तर टिलर उजवीकडे ढकलायचा, हे डोक्याला लगेच कळतं पण हाताला कळायला तासभर जातो. साठ फुटी बोट साधारण मधोमध फिरते आणि तुम्ही उभे असता मागच्या टोकाला, म्हणजे नाक डावीकडे गेलं की तुमची शेपूट उजवीकडे जाते आणि नेमकी तिथेच कोणाची तरी नवीकोरी फायबरची बोट बांधलेली असते. त्यात बोट उशिरा ऐकते, तोवर आपण अजून ढकलतो, मग उलटं ढकलतो, आणि नदीभर नागमोडी. थोडं ढकला, थांबा, बघा. आणि घाबरून थ्रॉटल एकदम सोडू नका, कारण प्रोपेलरचं पाणी सुकाणूवर आदळलं तरच बोट वळते, न्यूट्रलमध्ये सुकाणू नुसतं शोभेला. ब्रेक नाहीच, रिव्हर्स हाच ब्रेक, आणि रिव्हर्समध्ये बोट कुठे जाईल ते तिचं तिलाच माहीत.

पाय मात्र आत ठेवा प्लीज! भाऊजी भिंतीपासून बोट लोटायला पाय काढत होते, पंधरा-सोळा टनांच्या लोखंडाला पायाने थांबवणार म्हणे.

फॉली ब्रिज ते इफ्ली हा कॉलेजच्या रोइंगवाल्यांचा पट्टा. एकटे वल्हवणारे पाठमोरे बसतात, त्यांना तुम्ही दिसतच नाही. उजव्या बाजूने सरळ आणि हळू जा, कडेला बांधलेल्या बोटी दिसल्या की अजून हळू. लिमिट तसंही तासाला ८ किलोमीटर आहे.

लॉकमध्ये इंजिन बंद, पुढचा-मागचा असे दोन्ही दोर खुंट्याला नुसते वळसा देऊन हातात धरायचे. गाठ मारायची नाही, खाली उतरताना तर नाहीच, पाणी उतरतं आणि बोट दोरावर लटकते. सँडफर्डला तर पाणी जवळजवळ नऊ फूट खाली जातं. आणि मागच्या गेटपाशी पाण्याखाली एक कट्टा असतो, त्याला सिल म्हणतात, भिंतीवर त्याची खूण रंगवलेली असते. उतरताना त्या खुणेच्या पुढेच राहा, मागचं टोक कट्ट्यावर टेकलं तर नाक खाली जाऊन बोट बुडू शकते. लॉककीपर जेवायला गेला असेल तर ऑक्सफर्डच्या खाली लॉकचे गेट बटणाने चालतात, आपणच चालवायचे, पण घाई नको.

लॉकच्या आसपास बंधारा असतोच, तेव्हा पाटी वाचूनच वळा. सँडफर्डच्या बंधाऱ्यावर तिथे बुडून गेलेल्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत उभारलेला दगडी खांब आहे, पोहायची हौस तिथे भागवू नका. आणि लॉकवर लाल बोर्ड लागला असेल, म्हणजे प्रवाह जोरात, तर त्या दिवशी निघूच नका, पैसे गेले तरी.

दुपारी आमची बोट एकदम जड झाली. इंजिन गुरगुरतंय, काळा धूर येतोय, वेग मात्र नाही. अशी लक्षणं दिसली की प्रोपेलरला काहीतरी गुंडाळलंय समजा. आधी क्षणभर रिव्हर्स द्या, कधीकधी तेवढ्यानेच सुटतं. नाहीच सुटलं तर काठाला बांधा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि मगच मागचं वीड हॅचचं (प्रोपेलरपर्यंत हात पोचावा म्हणून ठेवलेल्या भोकाचं) झाकण उघडून हात घाला. आमच्या प्रोपेलरमधून काय निघालं तर आमचाच मागचा दोर, जो कोणीतरी (नाव नको) डेकवर तसाच सोडला होता. दोर गुंडाळून ठेवा, आणि झाकण परत घट्ट बसवल्याशिवाय इंजिन चालू करू नका, नाहीतर प्रोपेलर पाणी इंजिनरूममध्ये फेकतो आणि अशाने बोटी खरंच बुडाल्या आहेत.

संध्याकाळी ॲबिंग्डनच्या कुरणापाशी बांधताना शेवटची चूक. आम्ही प्रवाहाबरोबर जात होतो तसेच काठाला लागलो, पुढचा दोर आधी बांधला, आणि पाण्याने मागचं टोक पकडून अख्खी बोट नदीत आडवी केली. आधी वळून नाक प्रवाहाच्या विरुद्ध करा, मग काठाला या, पाणीच तुम्हाला थांबवतं. काठावर उडी मारू नका, पाऊल ठेवा. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि भाऊजींना वाटलं मागून मोठी बोट येतेय. असो.

झोपायच्या आधी मागच्या बाजूचं ग्रीसचं हँडल जड लागेपर्यंत फिरवा, नाहीतर प्रोपेलरच्या दांड्यावाटे रात्रभर थेंबथेंब पाणी आत येतं. आम्ही विसरलो, सकाळी तळातलं पाणी उपसणारा पंप सुरू झाल्याच्या आवाजानेच जाग आली.