डेटाबेस भरला तेव्हा काय केलं

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ऐन महिनाअखेरीस बिलं सेव्ह होईनात. डिस्कवर जागा भरपूर. सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) मात्र १०२४० एमबीची, म्हणजे १० जीबीची मर्यादा ओलांडल्याचा मेसेज. बिलांचा डेटा ज्यात राहतो ती मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१९ या डेटाबेस सॉफ्टवेअरची एक्सप्रेस आवृत्ती फुकट खरी, पण एका डेटाबेसला १० जीबीच देते. विकतच्या स्टँडर्ड आवृत्तीचं कोटेशन मागवण्याआधी डेटाबेसमधल्या टेबलांचे (तक्त्यांचे) आकार पाहिले. बहुतेक जागा डिलिव्हरी चलनांच्या स्कॅननी खाल्लेली! ते टेबल बिलिंग सॉफ्टवेअरचं नव्हे, आमचंच होतं, म्हणून स्कॅन फोल्डरमध्ये हलवले आणि टेबलात फक्त पाथ (फाइल कुठे आहे तो पत्ता) ठेवला. बिलिंग एसक्यूएल सर्व्हरवरच राहिलं, कारण ते सॉफ्टवेअर दुसऱ्या डेटाबेसवर चालतच नाही. स्टॉकचं नवं काम पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर घेतलं: लायसन्स फी नाही, १० जीबीची अटही नाही. अपडेट, बॅकअप बघायला जाणता माणूस मात्र हवाच. आणि फोल्डरचा बॅकअप वेगळा लावा, डेटाबेसच्या बॅकअपमध्ये त्या फाइली येत नाहीत.